आनंदनगरचा उतार

अंबरनाथ पूर्वेची आनंदनगर औद्योगिक वसाहत ही काही सहलीची जागा नव्हे. कारखाने, मालमोटारी आणि दूरवर मलंगगडाची रेघ! पण मित्राच्या घरगाडीचे इंजिन तेथेच रुसले आणि आमचे बिऱ्हाड रस्त्याकडेच्या उतारावर दिवसभर अडकले.

गाडीत गॅसवर चालणारे शीतकपाट, आणि त्यात आईच्या इन्सुलिनच्या न उघडलेल्या बाटल्या. दुपारी दार उघडले, तो आत गारवाच नाही! ज्योत मात्र नीट जळत होती.

"काका, गाडी कललीये. आधी ती सरळ करा," इंजिनात डोके खुपसलेला मेकॅनिक म्हणाला.

पोराचे बरोबर होते. 1922 साली स्टॉकहोमच्या प्लाटेन आणि मुंटर्स या विद्यार्थ्यांनी काढलेल्या या यंत्रात ना मोटर, ना पंप. ज्योतीच्या आचेने अमोनिया पाण्यातून उकळून निघतो, निवून द्रव होतो, हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडताना कपाटातली उष्णता ओढून घेतो आणि शेवटी पाण्यात विरघळून परततो. परतीची ही वाट केवळ नळ्यांच्या बेताच्या उतारावर चालते. गाडी कलली की द्रव वाटेतच तुंबतो आणि उकळपात्र नाहक तापते. चालत्या गाडीत हेलकाव्यांनी तो सुटतो. उभ्या गाडीत कोण हलवणार?

शेजारच्या बांधकामावरच्या गवंड्याने पाणसळ दिली. चाकांखाली फळ्या सारल्या, बुडबुडा मध्यावर आणला, कपाट निवू देऊन पुन्हा पेटवले. तोवर बाटल्या चहावाल्या मावशींच्या माठाशेजारी, ओल्या फडक्यात! ही कपाटे गार व्हायलाही सावकाश. रात्री नऊला आईने आत हात घातला आणि म्हणाली, "आता जेवायला वाढते."