धक्क्यावरचा वैमानिक

माणसाला एखादी विद्या आली की त्या विद्येचे काम त्याच्याकडे आपोआप चालत येते, अशी माझी पुष्कळ वर्षे समजूत होती. वर्गात मुलांनाही मी तेच सांगत असे. ही समजूत किती अपुरी आहे, हे मला माझ्याच एका विद्यार्थ्याने शिकविले. आपण सरांना काही शिकवीत आहोत, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. आणि खरे सांगायचे तर शिकण्याची माझीही तयारी नव्हती.

त्याचे नाव मी येथे सांगत नाही. त्याला ते आवडणार नाही. वर्गात तो खिडकीशेजारच्या बाकावर बसे. गावावरून एखादे विमान गेले की त्याची मान आपोआप वर होई, आणि ते दिसेनासे होईपर्यंत माझे शब्द त्याच्या कानांवरून नुसते वाहून जात. पुढे विमानविद्या शिकण्यासाठी तो २०१५ साली कॅनडात गेला. त्यासाठी त्याच्या वडिलांनी आपली बागायती जमीन तारण ठेवली. त्या देशात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळविण्यासाठी निदान २०० तासांचे उड्डाण पदरी असावे लागते. ते त्याने पुरे केले, परीक्षा दिल्या, आणि २०१६ च्या अखेरीस परवाना त्याच्या हाती पडला. तेथे राहून काम करण्याची परवानगीही मिळाली. गावात पेढे वाटले गेले. त्यांतला एक मीही मोठ्या अभिमानाने खाल्ला.

पुढच्या वर्षी पावसाळ्यात त्याचे वडील शाळेत आले. डोक्यावरची टोपी काढून त्यांनी हातात धरली होती.

"सर," ते म्हणाले, "पोराला इमान चालवायला धाडलं, अन् ते तिकडं हमाली करतंय म्हणं. पेट्या उचलतंय, झाडलोट करतंय. तुमचं ऐकतं ते. तुम्ही लिवा, माघारी ये म्हणून."

मला वाईट वाटले आणि रागही आला. मी जुन्या वळणाचा माणूस. त्याच रात्री तीन पाने पत्र लिहिले आणि त्यांची छायाचित्रे त्याच्या भावाकरवी फोनवरून पाठविली. 'ज्याने आकाशात विहार करण्याची विद्या संपादन केली, त्याने ओझी वाहावीत, हा त्या विद्येचा अपमान आहे. वडिलांच्या जमिनीची आठवण ठेव आणि परत ये,' असे मी त्यात बजावले होते.

आठ दिवसांनी त्याचे उत्तर आले. निबंधाची वही कोरी ठेवणाऱ्या या मुलाने चांगले लांबलचक पत्र लिहिले होते. ते असे :

'सर, परवाना मिळाल्यावर मी शंभराहून अधिक कंपन्यांना अर्ज पाठविले. उत्तरे चारच आली, आणि चारही एकाच अर्थाची : "आम्हांला किमान ५०० तासांचा अनुभव असलेला वैमानिक हवा." विमानाचा विमा उतरविणारेही नवख्याच्या हाती विमान द्यायला राजी नसतात. अनुभव नाही म्हणून काम नाही, आणि काम नाही म्हणून अनुभव नाही. पोहता आल्याशिवाय पाण्यात उतरू नकोस, असे म्हटल्यासारखेच हे झाले.

'शेवटी माझे एक वृद्ध शिक्षक म्हणाले, "अर्ज टोपलीत जातात, माणूस टोपलीत टाकता येत नाही. उत्तरेला स्वतः जा, आणि तळी वितळण्यापूर्वी जा." इकडे उन्हाळ्यात बर्फ वितळले की पाण्यावर उतरणाऱ्या विमानांचा हंगाम सुरू होतो, आणि माणसे नेमतात ती त्याच्या थोडे आधी. मी एक जुनी मोटार घेतली आणि एडमंटनपासून सुमारे १,४५० किलोमीटर हाकीत यलोनाईफला आलो. रात्री मोटारीतच झोपलो. पाच कंपन्यांची दारे ठोठावली. माझे गुण कोणीही विचारले नाहीत. विचारले ते एवढेच : पन्नास किलोची पेटी उचलता येते का? ट्रक चालविता येतो का? हंगाम संपेपर्यंत टिकशील का? पाचव्या दारी उत्तर मिळाले, "उन्हाळाभर धक्क्यावर काम कर. मग पाहू."

'सर, मी परत येणार नाही. येथले बहुतेक वैमानिक याच वाटेने वर गेले आहेत. मला ही हमाली वाटत नाही, शाळाच वाटते. फरक एवढाच, की या शाळेत सुटीची घंटा होत नाही.'

मी पत्र घडी करून ठेवले. मुलगा हट्टी झाला आहे, असे माझ्या मनाने घेतले. मी उत्तर दिले नाही.

दोन वर्षे गेली. माझी मुलगी एडमंटनला राहते. २०१९ च्या जुलै महिन्यात आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. त्या गावात मला वॉप मे या वैमानिकाची हकीकत कळली. १९२८ च्या डिसेंबरात साडेपाचशे किलोमीटर दूर असलेल्या फोर्ट व्हर्मिलियनकडील वस्तीत घटसर्पाची साथ उद्भवली. हाडे गोठविणारी थंडी पडली होती. अशा वेळी १९२९ च्या जानेवारीत मे आणि त्याचा सहकारी व्हिक हॉर्नर हे दोघे वर छप्परही नसलेल्या चिमुकल्या विमानातून औषध घेऊन निघाले. औषध गोठू नये म्हणून त्याच्याजवळ कोळशाची लहानशी शेगडी ठेवली होती. दुसऱ्या दिवशी ते औषध पोहोचले.

तिकडे मनुष्यवस्तीपासून दूरच्या रानाला 'बुश' म्हणतात, आणि त्या रानातून विमान नेणाऱ्याला 'बुश पायलट'. नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश आपल्या महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा आहे, पण तेथली लोकसंख्या सुमारे ४५ हजारच. अनेक वस्त्यांना बारमाही रस्ता नाही. टपाल, बटाटे, यंत्रांचे सुटे भाग, आजारी माणूस, हे सारे विमानानेच जायचे. हे सर्व ऐकल्यावर माझा विद्यार्थी नेमका कोणत्या शाळेत शिकत आहे, ते पाहण्याची मला उत्सुकता लागली. मी यलोनाईफला गेलो.

ग्रेट स्लेव्ह नावाच्या विशाल सरोवराच्या उत्तरकाठी हे गाव वसले आहे. जुन्या वस्तीत एका उंच खडकावर बुश पायलटांचे स्मारक आहे. त्या दिवसांत रात्री दहा वाजताही तेथे लख्ख उजेड होता. सकाळी सहा वाजता मी विमानांच्या धक्क्यावर पोहोचलो. लाकडी धक्क्याला होड्या बांधाव्यात तशी विमाने दोरांनी बांधलेली होती. चाकांच्या जागी त्यांना होडीच्या आकाराची दोन दोन पोकळ तरंडी बसविलेली होती. त्यांतल्या एका तरंड्यावर गुडघे टेकून कोणीतरी हातपंपाने आतले पाणी उपसत होते. त्याने मान वर केली. तो माझाच विद्यार्थी होता. ओल्या हातांनीच त्याने मला वाकून नमस्कार केला.

"अरे, तू तर आता वैमानिक झालास ना?" मी विचारले. "मग हे काम अजून तुझ्याकडे कसे?"

"सर, रात्रीतून यांत थोडे थोडे पाणी झिरपते. या तरंड्यांवर मलाच उतरायचे आहे. आज किती पाणी शिरले, ते मला ठाऊक नको का?"

मी भाडे भरून त्याच्या विमानाचा प्रवासी झालो होतो. निघण्यापूर्वी त्याने माझे वजन विचारले. मी म्हणालो, "असेल बासष्ट किलो." तो हसला आणि त्याने मला पिशवीसकट सामानाच्या काट्यावर उभे केले. काटा ६९ वर थांबला. "सर, येथे अंदाज चालत नाही," तो म्हणाला. आणि मग सामान चढविता चढविता त्याने मला एक गोष्ट सांगितली.

२०१७ च्या ऑगस्टमधली ही गोष्ट; म्हणजे माझे पत्र त्याला मिळाल्यानंतर महिनाभराची. भूगर्भशास्त्रज्ञांच्या एका तळावर बारा पेट्या जायच्या होत्या. दिवस घाईचा होता. त्याने पहिली पेटी तोलली. ती २२ किलो भरली. बाकीच्या अकरा पेट्या दिसायला तशाच होत्या. त्याने न तोलताच सर्वांपुढे २२ चा आकडा लिहिला. सामान चढले, दोर सुटला, विमान धक्क्यापासून दूर सरकू लागले. तेवढ्यात त्याच्या मनात चमकले : मागाहून आलेल्या चार पेट्यांवरची खूण वेगळ्या रंगाची होती!

"सर, क्षणभर वाटले, गप्प राहावे. विमानाला तेवढे ओझे कदाचित झेपेलही. आणि बोललो, तर काम गेलेच. परत घरी कोणत्या तोंडाने जायचे? तुमचे पत्र खिशातच होते."

मी काही बोललो नाही.

"मग मी धक्क्याच्या टोकापर्यंत धावलो. दोन्ही हात हलवून ओरडलो. वैमानिकाने इंजिन बंद केले."

साऱ्या पेट्या उतरवून तोलण्यात आल्या. त्या चार पेट्या प्रत्येकी ४१ किलोंच्या निघाल्या. म्हणजे एकंदर ७६ किलो ओझे जास्त होते. "एक धडधाकट माणूस विमानात जास्तीचा बसला असता," तो म्हणाला, "आणि तो कोणालाच दिसला नसता." तळाजवळचे तळे लहान होते आणि सभोवार झाडी होती. जड झालेले विमान तेथे उतरताना काय झाले असते, हे सांगण्याची गरज नव्हती. वैमानिक त्याच्यावर मनसोक्त ओरडला. अर्धा तास वाया गेला. रात्री त्याने आपली पिशवी भरून ठेवली.

सकाळी मुख्य वैमानिकाने त्याला बोलावले. पण तो एवढेच म्हणाला, "आज चौदा पेट्या आहेत. तोल."

हंगाम संपला तेव्हा त्यानेच पुन्हा बोलावले. "विमान उडवायला आम्ही शिकवू. त्या दिवशी तू धावत आलास, ते मात्र आम्ही शिकविलेले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात पाण्यावरच्या विमानाचे शिक्षण घेऊन ये." त्या हिवाळ्यात उणे ४० अंशांपर्यंत उतरणाऱ्या थंडीत त्याने विमानांच्या पंखांवरचे बर्फ झाडले, पहाटे उठून इंजिने ऊब देऊन जागी केली आणि शिक्षणापुरते पैसे साठविले. २०१८ च्या उन्हाळ्यात तो प्रथम मुख्य वैमानिकाच्या शेजारी आणि मग एकटा उडू लागला.

त्याचे विमान 'बीव्हर' जातीचे होते. या जातीचे पहिले विमान १९४७ साली उडाले, आणि आजही ही विमाने कामावर आहेत. ती तयार करण्यापूर्वी रानात उडणाऱ्या वैमानिकांनाच विचारण्यात आले होते, की तुम्हांला काय हवे. म्हणून तिचे दार इंधनाचे पिंप आत लोटता येईल एवढे रुंद आहे, आणि इंजिनात तेल घालण्याचे तोंड वैमानिकाच्या बैठकीजवळ आहे. बाहेरच्या गारठ्यात जावे लागत नाही. ज्यांचे हात कामात मळलेले असतात, त्यांचा सल्ला असा उपयोगी पडतो.

विमान पाण्यावर फेस उडवीत धावले आणि अलगद वर उचलले गेले. खाली खडक, खुरटी झाडे आणि तळी. इतकी तळी, की मोजताना मीच थकलो. रस्ता मात्र कोठेच नव्हता. तासाभराने एक तळे दिसले. त्याचे पाणी आरशासारखे निश्चल होते. मला वाटले, उतरायला किती सोपे! तो म्हणाला, "सर, हेच सर्वांत कठीण. पाण्यावर लाट नसली की आपण किती उंचीवर आहोत, ते डोळ्यांना कळत नाही. म्हणून काठाच्या जवळून उतरायचे. झाडांकडे पाहून उंचीचा अदमास येतो." काठची झाडे आमच्या शेजारून सरकत गेली, आणि तरंडी पाण्याला केव्हा लागली ते मला समजलेही नाही. तळावरची चार माणसे धावत आली. बटाट्याच्या पोत्यापेक्षा टपालाच्या पिशवीकडे त्यांचे डोळे अधिक लागलेले होते. पोते उचलून माझ्या विद्यार्थ्याने स्वतःच खांद्यावर घेतले.

गावी परतल्यावर मी त्याच्या वडिलांकडे गेलो. विमानात ऐटीत बसलेल्या मुलाचे चित्र माझ्याजवळ होते. तरीही मी त्यांना आधी हातपंपाने पाणी उपसणाऱ्या मुलाचे चित्र दाखविले आणि पेट्यांची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "दोर बरा बांधलाय पोरानं." शेतकऱ्याच्या तोंडी याहून मोठी शाबासकी मी ऐकलेली नाही.

त्याच्या पत्राला उत्तर द्यायचे दोन वर्षे राहून गेले होते. ते मी त्या रात्री लिहिले. या खेपेस तीन पाने लागली नाहीत. मी लिहिले : 'चि. वैमानिकास अनेक आशीर्वाद. माझे मागचे पत्र चुकीचे होते. ते मी न तोलता लिहिले होते.'