झोक आणि तोल

जुन्या मोटारींवर जीव लावणाऱ्या मंडळींत दोन पंथ आहेत. गाडी कारखान्यांतून जशी बाहेर पडली तशीच ती राखली पाहिजे, तिचा एक स्क्रूहि बदलतां कामा नये, असें पहिला पंथ मानतो. गाडी ही चालविण्याकरितां असते, तेव्हां ती अधिक चांगली चालेल असें कांहींहि करण्यास हरकत नाहीं, असें दुसरा म्हणतो. सोंवळ्या-ओंवळ्याचा हा वाद इंग्लंडांतहि आपल्याकडच्या इतक्याच हिरीरीनें चालतो, हें येथें राहूं लागल्यावर आमच्या ध्यानीं आलें. आम्ही स्वतः त्यांत ओढले गेलों तें मात्र एका वांकविलेल्या पोलादी दांड्यामुळें.

आमच्याकडे १९७५ सालची, उघड्या टपाची एम्. जी. बी. गाडी आहे. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थेम्सच्या कांठीं अॅबिंग्डन म्हणून गांव आहे. तेथील कारखान्यांत १९६२ पासून १९८० पर्यंत ह्या जातीच्या पांच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचें, मागचा आंस एकसंध, त्याखालीं बैलगाडीच्या पिढीला ओळखूं येतील असे पोलादी पाटे. गाडी देखणी व स्वभावानें सरळ. परंतु वळण आलें कीं एका अंगावर अशी कलते कीं शेजारी बसलेला माणूस दाराला घट्ट धरून ठेवतो. ह्यावर उपाय म्हणून मागच्या आंसाशीं एक दांडा बसवावा, असा जाणत्यांचा सल्ला होता. इंग्रज त्याला अँटी-रोल बार म्हणतात, अमेरिकन स्वे बार म्हणतात. तो सल्ला आम्हीं बरेच दिवस भिजत ठेवला होता. पण आमच्या कन्येस मोटार हांकण्याचा परवाना मिळाला, आणि सुटींत हीच गाडी घेऊन वेल्सच्या डोंगरांत जाण्याचा तिनें हट्ट धरला. तेव्हां घरांतून सरळ प्रश्न आला, "अहो, तो दांडा लावला म्हणजे गाडी धोक्याची राहायची नाहीं ना?"

प्रश्न चार शब्दांचा. पण त्याचें उत्तर देण्यासाठीं आधीं दांडा काय करतो हें नीट समजून घ्यावें लागलें.

हा दांडा इंग्रजी यू अक्षराच्या आकाराचा असतो. त्याचा एक संबंध गाडीच्या अंगाशीं व दुसरा आंसाशीं. दोन्ही चाकें एकदम उंचवट्यावर चढलीं तर तो आपल्या जागीं नुसता फिरतो. परंतु एक चाक वर आणि दुसरें खालीं जाऊं लागलें कीं त्याला पीळ बसतो, आणि त्या पिळाला विरोध करतां करतां तो गाडीचें कलणें थोपवितो. त्याच्या जाडीचा हिशेब मोठा फसवा आहे. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणांत वाढतो. पांच अष्टमांश इंचाच्या दांड्याऐवजीं पाऊण इंचाचा घेतला तर डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो. ताठरपणा मात्र दुपटीहून अधिक होतो.

आतां मुख्य गोष्ट. वळणावर आंतल्या चाकांवरचा भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. एकूण किती सरकावा हें गाडीचें वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांतील अंतर व वळणाचा वेग हीं ठरवितात. दांड्याला त्यांत जवळजवळ कांहींच बोलतां येत नाहीं. पुढच्या जोडीनें त्यांतला किती वांटा घ्यावा व मागच्या जोडीनें किती, एवढेंच तो बदलतो. ज्या टोकाला दांडा जाड, त्या टोकाला वांटा मोठा. आणि रबराचा स्वभाव असा, कीं भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाहीं. म्हणून एका चाकावर फार व दुसऱ्यावर थोडा असा भार ज्या जोडीवर पडतो, तिची एकंदर पकड घटते. मागें दांडा बसविल्यानें मागच्या चाकांची पकड वाढत नाहीं, उलट थोडी कमीच होते. आणि तेवढा दिलासा पुढच्या चाकांना मिळतो. एकत्र कुटुंबांत कर्त्या पुरुषानें एका भावावरचा बोजा दुसऱ्यावर टाकावा, त्यांतलाच हा प्रकार. घरचा खर्च कांहीं त्यानें कमी होत नाहीं.

जी गाडी वळणावर नाक पुढें काढून सरळच जाऊं पाहते, तिला ही वांटणी मानवते. पण ती अति झाली तर गाडी शेंपूट बाहेर फेंकते. नवशिक्या चालकाला अशा वेळीं घाबरून अॅक्सिलरेटरवरून पाय एकदम काढण्याची बुद्धि होते. तसें केलें कीं भार पुढें झुकतो, मागचीं चाकें आणखी हलकीं होतात, आणि जें टाळावयाचें तेंच ओढवतें. वेल्सच्या ओल्या, अरुंद रस्त्यांवर हा धडा गिरविणें परवडणारें नव्हतें.

मग दांडा नकोच काय? येथें गाडीचाच इतिहास आमच्या मदतीस आला. अमेरिकेंतील नियमांकरितां १९७४ च्या अखेरीस ह्या गाडीला काळे रबरी बंपर आले व तिची उंची इंच-दीड इंचानें वाढली. उंची वाढली तसें कलणेंहि वाढलें. आणि नेमका त्याच वेळीं काटकसरीसाठीं पुढचा दांडा काढून टाकण्यांत आला. १९७७ च्या नमुन्यांत कारखान्यानें पुढचा दांडा परत दिला व मागेंहि एक बसविला. म्हणजे आमची गाडी बरोबर त्या उण्या काळांत जन्मलेली. पहिल्या पंथाच्या लोकांना आम्ही विचारतों, कीं तिचें 'मूळ रूप' कोणतें मानावयाचें? जें कर्त्यांना स्वतःलाच दोनतीन वर्षांत बदलावेंसें वाटलें, तें? मात्र दुसऱ्या पंथानेंहि हें पाहावें, कीं कर्त्यांनीं मागचा दांडा एकटा दिला नाहीं. पुढच्याच्या जोडीनें दिला. आम्हींहि तोच क्रम धरला. आधीं पुढें, मग मागें. आणि मागचा मिळेल तितका बारीक.

बसविण्यास दोन रविवार लागले. बॅटरीची तार सोडली, गाडी भक्कम तिवयांवर चढविली; नुसत्या जॅकच्या भरंवशावर गाडीखालीं शिरूं नये. पेट्रोलची टाकी डिकीच्या तळाखालीं असते, म्हणून ड्रिल हातीं घेण्यापूर्वीं ती रिकामी करून उतरविली. पन्नास वर्षांच्या गंजानें बसलेले नट रात्रभर तेलांत भिजले तेव्हां हलले. बुशांना ग्रीज चोपडलें, नाहीं तर ते प्रत्येक खड्ड्याला कुरकुरतात. धुराड्याच्या नळीला दांडा कोठें घासत नाहीं ना, हें आंस पुरता वर-खालीं करून पाहिलें. सर्वांत नाजूक काम शेवटचें. दोन्ही बाजूंचे जोड गाडी आपल्या चाकांवर उभी करून, पीळ अगदीं शून्य असतांना आंवळावे लागतात. एक बाजू जरा आंखूड राहिली तर दांडा उभ्या गाडींतच पिळलेला राहतो, आणि डावें वळण एक बोलतें, उजवें दुसरें. हें माप कन्येनें घेतलें. पाना खालीं ठेवून ती म्हणाली, "म्हणजे बाबा, पकड वाढत नाहीं, नुसती इकडची तिकडे जाते."

हें वाक्य ऐकून आम्हांस दांड्याच्या किंमतीचें चीज झाल्यासारखें वाटलें. विमा कंपनीस ह्या फेरफाराची सूचना धाडली आणि एका पडीक धांवपट्टीवर, मालकाची परवानगी काढून, पावसाच्या दिवशीं गाडी नेली. तेथें कन्येनें मागचे जोड सोडून कांहीं फेरे घेतले, मग जोडून घेतले. कलणें कमी झालें होतें, सुकाणूचें चाक अधिक तत्परतेनें ऐकत होतें. आणि पाय एकदम उचलला असतां शेंपूट किंचित् सरकतें, हेंहि तिनें चार-पांच वेळां मुद्दाम करून पाहिलें, तें आवरावयास शिकली.

घरीं आल्यावर आम्हीं खरें तेंच सांगितलें. दांड्यानें धोका नाहींसा झालेला नाहीं. गाडी काय करणार हें मात्र आतां आधीं कळतें. पलीकडून थोडा वेळ कांहींच उत्तर आलें नाहीं. मग, "तिला कळतं ना पण?" "कळतें." "मग जाऊं द्या."

ती गेली, आठ दिवसांनीं परत आली. आल्यावर तिनें पहिली तक्रार केली ती टपांतून गळणाऱ्या पाण्याची.