शनिवारची टेप

मी नेमके काय काम करतो, हे आमच्या आईला मला शेवटपर्यंत समजावून सांगता आले नाही. सुट्टीत गावी गेलो की ती हमखास विचारायची, “पोऱ्या, तू तठे काय करस?” मी म्हणायचो, “हिऱ्याच्या कारखान्याचा हिशेब सांभाळतो.” “म्हंजे दिवाणजी?” “तसाच काहीसा.” ती समाधानाने मान हलवायची. गावात तिने मला दिवाणजी करून टाकले होते, आणि आता मागे वळून पाहताना वाटते, तिचे काही चुकले नव्हते.

माझे गाव तापीकाठी, प्रकाशापासून जवळच. 2002 साली मी सुरतेला आलो. नंदुरबारहून गाडीत बसले की नवापूर येते. ते स्टेशनच अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातेत. तिथे माणूस जागचा न हलता सरहद्द ओलांडतो. आपली खानदेशी माणसे सुरतेत उतरतात ती बहुतेक उधना, लिंबायत भागात, लूम आणि कापडाच्या धंद्यात. मी मात्र गेलो कतारगामला. ती वस्ती सौराष्ट्रातून आलेल्या हिऱ्याच्या कारागिरांची. अमरेली, भावनगरकडची माणसे. गल्लीत शिरले की घंटीचा आवाज. घंटी म्हणजे आपली मंदिरातली नव्हे. हिरा घासण्याची फिरती चकती. एका घंटीभोवती चार कारागीर बसतात, खाली मान घालून, डोळ्याला भिंग लावून.

माझे पद ‘डेटाबेस अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. शब्द मोठा, काम साधे: कारखान्याची सगळी माहिती ज्या कोठारात असते त्याची राखण करायची. कच्चा हिरा आला की त्याला नंबर मिळतो. मग तो कापला, घासला, प्रत्येक टप्प्याला किती वजन उरले, कोणाच्या हातून गेला, हे सारे त्या नंबरापुढे चढते. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि त्याचेही शंभर सेंट पाडून हिशेब. कारागिराला मजुरी नगावर. म्हणजे माझ्या कोठारातली एक ओळ हरवली, तर कोणाच्या तरी घरचे तेवढे पीठ हरवले.

या कामाचा पहिला धडा मला माझ्याच आडनावाने दिला. मी पाटील. पहिल्या महिन्याच्या पगारपत्रकात झालो पटेल. नोंद करणाऱ्या पोराला वाटले, लिहिणाराने चूक केली असणार. त्याने ती ‘सुधारली’. त्याच वेळी घंटीवर आमच्या शिरपूरकडचा एक पाटील होता, त्याचाही पटेल झाला, आणि त्याचे नग महिनाभर दुसऱ्याच एका पटेलांच्या नावावर चढत राहिले. एडगर कॉड नावाच्या शास्त्रज्ञाने 1970 साली एका निबंधात माहिती तक्त्यांत मांडण्याची जी रीत सांगितली, तिच्यात प्रत्येक ओळीला तिची स्वतःची, दुसऱ्या कोणाचीही नसलेली ओळख हवी, असा दंडक आहे. पुस्तकात मी तो पाठ केला होता. कळला तो त्या दिवशी. नावावर विसंबू नये. प्रत्येक माणसाला नंबर द्यावा. ऐकायला क्रूर वाटते, पण त्या पाटलाची मजुरी नंबरानेच परत मिळवून दिली.

आता ज्यासाठी लिहायला बसलो, ते सांगतो.

2006 चा ऑगस्ट. उकाई धरण तुडुंब भरले, पाणी सोडावे लागले, आणि 7 तारखेपासून सुरत शहरात तापी घुसली. माझ्या गावावरून जी नदी उकाईत जाते, तीच. मी तिसऱ्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. दोन दिवस गच्चीवर काढले. वीज नाही, फोन नाही, वरून हेलिकॉप्टर अन्नाची पाकिटे टाकून जाई. लहानपणी जिच्यात डुंबलो तीच नदी जिना चढून येते आहे, हे बघत मी बसलो होतो, आणि डोक्यात एकच विचार: कारखान्याचा सर्व्हर तळमजल्यावर आहे.

पाणी ओसरल्यावर गेलो. सर्व्हरच्या पेटीत चिखल. रोजच्या टेपा, कागदी चिठ्ठ्या, सगळ्याचा लगदा. हिरे मात्र वरच्या मजल्यावर तिजोरीत सुखरूप होते. शेठ गंभीर, पण मी निर्धास्त होतो. कारण दर शनिवारी एक टेप मी टिफिनच्या पिशवीतून घरी नेत असे. 5 ऑगस्टची टेप माझ्या फळीवर कोरडी ठणठणीत होती. गेला तो फक्त सोमवार.

ओळखीच्या एका ठिकाणाहून यंत्र मागून आणले, टेप घातली. वाचेना. पुन्हा घातली. वाचेना. त्याच त्याच टेपांवर आम्ही वर्षानुवर्षे लिहीत होतो, आणि रोज रात्री पडद्यावर ‘बॅकअप यशस्वी’ असे उमटत होते. मी त्या शब्दांवर विश्वास ठेवून घरी जात होतो. एकदाही टेप उघडून, त्यातली माहिती परत उतरवून पाहिली नव्हती. त्याआधीच्या शनिवारची, 29 जुलैची टेप वाचली. म्हणजे सात दिवसांचे काम गेले.

शेठनी विचारले, “काय झाले?” आणि मी म्हणालो, “पिशवीत पाणी गेले.”

कोणी शंका घेतली नाही. त्या आठवड्यात सुरतेत कशाकशात पाणी गेले नव्हते?

सात दिवसांची मजुरी कशी काढायची? शेठ म्हणाले, कारागिरांनाच विचारा. मला धास्ती होती. नगावर मजुरी, घरात चिखल, भांडीकुंडी वाहून गेलेली. कोण कमी सांगेल? चारचार जणांना त्यांच्या घंटीप्रमाणे बसवले आणि लिहीत गेलो. ते एकमेकांना आठवण करून देत होते. “मंगळवारी तू दुपारी गेला होतास, मुलीला ताप होता.” “तो मोठा नग माझा नव्हे, याचा.” एक वयस्क कारागीर अमरेलीकडचे. एका दिवसाचा आकडा त्यांना आठवेना. मी म्हणालो, “काका, रोजची सरासरी धरू?” ते म्हणाले, “आठवत नाही ते माझे कसे म्हणू?” त्यांनी त्या दिवशीची जागा रिकामी ठेवायला लावली.

मग तिजोरीतले तयार हिरे मोजले. कारागिरांनी सांगितलेल्या बेरजेपेक्षा ते चार नग जास्त भरले. म्हणजे शे-दीडशे माणसांनी मिळून सांगितले ते खऱ्याहून चार नगांनी कमी. शेठनी त्या काकांच्या रिकाम्या दिवशी सरासरीची मजुरी लावली. मी ती ओळ माझ्या हाताने भरली, आणि माझा हात जड झाला. ज्यांचे सगळे वाहून गेले ते खरे बोलले होते. ज्याची फळी कोरडी राहिली तो खोटे बोलला होता.

त्या वर्षी 21 ऑक्टोबरला लक्ष्मीपूजन होते. इकडे त्या दिवशी चोपडापूजन करतात. नव्या वहीवर कुंकवाने स्वस्तिक काढतात. शेठनी वहीशेजारी माझी 29 जुलैची टेप ठेवली आणि तिलाही कुंकू लावले. तेव्हा मला राहवले नाही. सगळे निघून गेल्यावर मी खरे ते सांगितले. शेठ बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, “तो हवे खोलीने जोतो रहेजे.” मग आता उघडून बघत जा.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी साठवलेली माहिती वेगळ्या यंत्रावर परत उतरवतो, एक कारागीर निवडतो आणि त्याचा महिना ओळीओळीने जुळवून पाहतो. आज टेपा नाहीत. माहिती आपोआप दूरच्या कुठल्या यंत्रांवर जाते. हाताखालची मुले हसतात, “सर, सिस्टिम सांगते ना यशस्वी म्हणून?” मी म्हणतो, सिस्टिम नेहमीच तसे सांगते. दुसरी एक सवयही लागली. कागदी वहीत खोडलेले दिसते. संगणकात जुन्या आकड्यावर नवा बसला की जुना नाहीसा होतो. म्हणून माझ्या कोठारात मी जुनी ओळ पुसू देत नाही. कोणी, कधी, काय बदलले, ते शेजारी राहते. माझी सगळ्या पगारदार मंडळींना हीच विनंती: चूक करा, पण ती दिसू द्या.

एक काम मात्र राहून गेले. शेठना सांगितले, कारागिरांना कधीच सांगितले नाही. 2008 च्या मंदीत बरेच जण गावी परतले, अमरेलीचे काकाही त्यांत होते. त्यांचा नंबर माझ्या तक्त्यात अजून आहे. पुढे ‘सोडून गेले’ असा शेरा आहे. 2006 च्या ऑगस्टमधली त्यांची ती ओळही आहे, ‘सरासरीने भरली’ या टिपेसकट. कारण म्हणून मी तेव्हा लिहिले होते: ‘पुरामुळे’.

तो शेरा मी बदललेला नाही. त्याच्या शेजारी यंदा एक नवी ओळ घातली आहे: ‘पुरामुळे नव्हे. टेप तपासली नव्हती.’ खाली माझा नंबर.