बाग आणि समाधी

जालन्याहून मेहकरकडे जाणाऱ्या मार्गावर, काळ्या रानांत कपाशीची बोंडे उमलू लागलेली असताना, मी सिंदखेडराजास उतरलो, तेव्हा प्रथम दृष्टीस पडला तो लखुजीराव जाधवांचा राजवाडा आणि त्याच्या समोरच नगरपालिकेने लावलेली बाग. ज्या वाड्यात 1598 साली जिजाऊंचा जन्म झाला, त्याच्या समोर आज गावची पोरे हिरवळीवर लोळत होती.

उद्यान आणि स्मशान यांची अदलाबदल मोठ्या नगरांना नवी नाही. न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन चौकातील बागेची भूमी 1797 पासून 1825 पर्यंत गोरगरिबांची व बेवारसांची दफनभूमी होती. सहस्रावधी देह तिथल्या गवताखाली आहेत, त्यांची नावे मात्र नाहीत. आपल्या मुंबईत शिवडीला याच्या उलट घडले: तेथील वनस्पतीबागेची जागा 1865 मध्ये ख्रिस्ती दफनभूमीस देण्यात आली. सिंदखेडात मात्र दोहोंपैकी कोणीच दुसऱ्याला पुसून टाकलेले नाही. बाग बागेच्या जागी आहे आणि लखुजीरावांची समाधी समाधीच्या.

ती समाधी पाहण्यास गेलो. सिंदखेडची देशमुखी सांभाळणारा आणि निजामशाहीत मातब्बरीस चढलेला हा सरदार 1629 च्या जुलैत दौलताबादेस दरबारी गेला असता, अचलोजी व राघोजी हे दोन पुत्र आणि नातू यशवंतराव यांच्यासह दग्याने मारला गेला. त्या वेळी जिजाऊ गर्भवती होत्या. पुरते सात महिनेही लोटले नाहीत तोच शिवनेरीवर शिवजन्म झाला. बाप, भाऊ आणि भाचा एका दिवसात गमावलेल्या लेकीच्या त्या महिन्यांचा विचार मनात येताच त्या दगडी कमानींखाली माझा पाय अडखळला.

इतक्यात एका वृद्धेने वहाणा बाहेर काढून झेंडूचे एक फूल समाधीवर ठेवले, आणि सोबतच्या नातवाला म्हणाली, "पाया पड, बाळा. हे जिजाऊचे बाप हायेत." पोराने कपाळ दगडाला टेकले. मृतांच्या भूमीवर हिरवळ वाढावी, मुले खेळावीत, यात मला अमंगळ काहीच वाटत नाही. अमंगळ आहे ते खाली कोण निजले आहे हे त्या मुलांना कोणी न सांगणे.

परत निघालो तेव्हा तो पोरगा पुढे धावत होता, आणि समाधीची धूळ अजून त्याच्या कपाळाला होती.