पलटण की खातं

आमच्या खटाव तालुक्यात मुलगा अकरावीला पोचला की ओसरीवर एकच खल सुरू व्हायचा: याला पलटणीत घालायचा की खात्यात चिकटवायचा? शेतीचा विषय कोणी काढत नसे. पाऊस किती पडणार, बारा एकर जिराईत किती पिकणार आणि त्यावर तोंडं किती, हा हिशेब पोरासोरांनाही पाठ होता. आमच्या वडिलांच्या पिढीचे चार भाऊ. त्यांच्या चार वाटा कशा ठरल्या, हे आम्ही चुलत भावंडं अजूनही दिवाळीला जमलो की उगाळत बसतो आणि दरवेळी कोणीतरी नवीन काहीतरी काढतंच.

फौजेत जाणं म्हणजे धाडस आणि सरकारी नोकरी म्हणजे निर्धास्तपणा, अशी वाटणी धड्यांत असते. आमच्या घरात ती उलटी लावली होती. आजोबांच्या लेखी पलटण हीच पक्की नोकरी. वशिला लागत नाही, कोणाच्या पाया पडावं लागत नाही, छाती फुगली आणि डोळे-दात धड निघाले की त्याच दिवशी पोरगा सरकारचा. जेवण, कपडे, बूट सरकारचे, पगार जवळजवळ सगळा शिल्लक. खात्यात मात्र आधी सेवायोजन कार्यालयात नाव घाला, कॉलची वाट बघा, मग टेम्पररी लागा, मधेमधे ब्रेक खा, आणि कायम होईपर्यंत साहेबाच्या तोंडाकडे बघा. मरणाचं काय, असं कोणी विचारलं तर आजोबा म्हणायचे, "हितं विहिरीत माणसं मरत न्हाईत व्हय?"

त्यांचंही खरं होतं. सातारा जिल्ह्याला पलटण नवी नव्हती. अपशिंग्याला तर लोक 'मिलिटरी अपशिंगे'च म्हणतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. आजोबांचे एक चुलते दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या दोन मराठी गड्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, तीच आघाडी. चुलते परत आले ते थोडं ऐकू कमी येणारे आणि चहाला फार चटावलेले. लढाईबद्दल त्यांनी कधी काही सांगितल्याचं कोणाला आठवत नाही. त्यांची पेन्शन मात्र सगळ्यांना आठवते.

तर थोरले आबा. त्यांना मास्तर व्हायचं होतं. अक्षर मोत्यासारखं, पाढे पावणेदोनकीपर्यंत तोंडपाठ. पण मास्तर व्हायचं तर आधी ट्रेनिंग, म्हणजे आणखी दोन वर्षं घरातून पैसे जाणार, येणार नाहीत. तेवढ्यात 1962 ची चीनची लढाई झाली, आपल्या जिल्ह्याचे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि भरती जोरात सुरू झाली. आबा बेळगावला, मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरवर दाखल झाले. आजोबा त्यांना एसटीपर्यंत पोचवायला गेले आणि परत येताना बाजार करून आले, असं आजी सांगायची. त्यात राग होता की कौतुक, ते तिच्या आवाजावरून आम्हाला कधीच कळलं नाही.

दुसरे तात्या. त्यांना काय व्हायचं होतं हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही आपणहून सांगितलं नाही. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या, पंचायत समित्या आल्या, तालुक्याच्या गावात कचेऱ्या वाढल्या आणि जागा निघाल्या. आबांच्या मनिऑर्डरीवर तात्यांची अकरावी झाली, टायपिंगची परीक्षा झाली आणि ते महसूल खात्यात कारकून म्हणून लागले. कायम व्हायला मात्र बरीच वर्षं गेली. तिसरे बापू मुंबईला गिरणीत गेले. त्यांची गोष्ट 1982 च्या संपात मोडली, ती पुन्हा कधीतरी. चौथे नाना घरीच राहिले.

आम्ही लहान असताना आबा कुठं असतात, असं कोणी विचारलं की आम्ही ठसक्यात सांगायचो, "छप्पन एपीओला." पत्रावर तेवढंच असायचं: नंबर, हुद्दा, नाव, पलटण, केअर ऑफ 56 एपीओ. ते हिमालयात असोत की राजस्थानात, पत्ता तोच. आमच्यातल्या एकाने शाळेत नकाशावर ते गाव शोधलं आणि सापडत नाही म्हणून गुरुजींना विचारलं. गुरुजींनी सगळ्या वर्गाला फौजी टपालाची पद्धत समजावून सांगितली, तरी आमच्या मनातलं ते गाव काही पुसलं गेलं नाही. तिथं बर्फ असतो, रेल्वे असते आणि डब्यातलं दूध मिळतं, अशी आमची खात्री होती.

आबा सुट्टीवर आले की दोन महिने घराला शिस्त लागायची. काळी पत्र्याची ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात नाव-नंबर, वर होल्डॉल. पहाटे उठून दाढी, बुटाला पॉलिश, वाकळेची घडी काटकोनात. आमच्या घड्या ते उलगडून टाकायचे आणि "फिरसे" म्हणायचे. आजी त्यांच्या हिंदीला हसायची. कँटीनची घोंगडी मऊ लागायची, आणि ट्रंकेच्या तळाशी टॉवेलात गुंडाळलेली रमची बाटली कोणाकोणासाठी आहे हे अख्ख्या आळीला माहीत असायचं. तात्या शनिवारी तालुक्याहून यायचे ते पिशवीत भाजी आणि डोक्यात बदलीची धास्ती घेऊन. आम्ही पोरं कोणाभोवती गोळा व्हायचो, हे सांगायला नको. आता वाटतं, तात्यांना ते दिसत असणार.

डिसेंबर 1971 मध्ये मात्र ट्रंकेचं कौतुक कोणाला सुचलं नाही. सकाळच्या पुणे केंद्राच्या बातम्यांना शेजारपाजारचे आमच्या ओट्यावर यायचे, कारण ट्रान्झिस्टर आमच्याकडे, तोही आबांनीच आणलेला. पोस्टमन आळीत शिरला की बायका दारातून आत सरकायच्या. लढाई दोन आठवड्यांत संपली. आबांचं पत्र त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आलं आणि त्यात निम्मं पत्र विहिरीचा गाळ काढला का, याबद्दल होतं. पुढच्याच वर्षी विहीर पार आटली. 1972 च्या दुष्काळात नाना आणि दोन काकू रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जात होते. एक भाऊ सीमेवर, एक भाऊ दुष्काळी कामांच्या हजेरीपत्रकांवर सह्या घेत हिंडणारा, आणि एक भाऊ त्याच हजेरीपत्रकावर अंगठा उठवणारा. एका घराची ही तीन टोकं, त्यातली दोन एकाच हजेरीपत्रकावर भेटली, हे आम्हाला फार पुढे उमगलं.

निर्धास्त नोकरीची खरी परीक्षा 1977-78 ला झाली. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांचा तो 54 दिवसांचा संप. तात्या संपावर. पगार बंद, तालुक्यातल्या खोलीचं भाडं थकलेलं, वाण्याने हात आखडलेला. त्या काळात आबांच्या मनिऑर्डरीतून दर महिन्याला काही रक्कम तालुक्याला जायची. तात्यांनी हे कधी उघड बोलून दाखवलं नाही. मोठी आई, म्हणजे आबांची बायको, ती मात्र एखाद्या लग्नात, बरोबर चार माणसांत, सांगायची. माणूस उपकार विसरतो, देणाऱ्याची बायको विसरत नाही, असं तात्यांची बायको मागाहून फणकारायची.

पंधरा वर्षं भरली आणि आबा पस्तिशीच्या आसपास पेन्शनीत आले. माजी सैनिकांना राज्याच्या वर्ग तीन-चारच्या भरतीत 15 टक्के जागा राखीव असतात. आबांनी तिकडे अर्ज केले, पण त्याआधीच एका बँकेत ते पहारेकरी म्हणून लागले. पेन्शन आणि पगार असे दोन्ही चालू झाले, आणि तात्या अजून अठ्ठावन्नची वाट बघत फायली बांधत होते. पलटण की खातं हा प्रश्न आजोबांनी मांडला तेव्हाच त्यांना याचं उत्तर ठाऊक असावं: आधी पलटण, मग खातं. एकाच जन्मात दोन्ही बसतात. तात्यांच्या मनात याची सल राहिली. आबांनी आयुष्यातली उमेदीची वर्षं घरापासून लांब घालवली, थोरल्या मुलीचं बारसं आणि आईचं शेवटचं दुखणं या दोन्ही वेळी ते नव्हते, हे तात्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण मत्सराला वजाबाकी येत नाही.

आणि नाना. दोघांच्या पगारावर नानांनी बैल घेतले, विहीर खोदली, बहिणींची लग्नं उभी केली. सातबारावर चौघांची नावं, राबणारा एकटा. वाटण्या झाल्या तेव्हा पेन्शन वाटून घेत नसतात, जमीन घेतात, हे त्यांना कळलं. आमच्यातल्या एका बहिणीचं ठाम म्हणणं आहे की या सगळ्या गोष्टीत ज्याच्यावर अन्याय झाला तो माणूस एकच, आणि तो ना पलटणीत होता ना खात्यात. मला ते पटतं.

आता तालुक्याच्या गावी, वडूजच्या रस्त्यावर पहाटे पोरं धावतात. भरतीच्या अकॅडमीची पोरं. सैन्याच्या भरतीला 1600 मीटर आणि पोलीस भरतीलाही 1600 मीटर, त्यामुळे पाय एकच तयारी करतात, निवड निकालावर सोडलेली. ज्या पेन्शनीभोवती आमच्या ओसरीवरचा खल फिरायचा, ती आता दोन्हीकडे तशी राहिलेली नाही. 1 नोव्हेंबर 2005 पासून राज्य सेवेत लागलेल्यांची जुनी पेन्शन गेली. सैन्याला त्या बदलातून वगळलं होतं, पण 2022 च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांची नोकरी, फार तर चारांतला एक कायम, आणि बाकीच्यांना सेवानिधीची रक्कम, पेन्शन नाही. आजोबा असते तर त्यांनी पोराला काय सांगितलं असतं, यावर आमचं एकमत होत नाही.

आबा गेले त्याला काही वर्षं झाली. फौजेत असेपर्यंत त्यांची मनिऑर्डर आजोबांच्या नावाने आली. पत्रात मोठ्या आईचं नाव कधी नसायचं, 'घरी सर्वांना' यातच ती असायची. आबा गेल्यावर कुटुंबनिवृत्तीचे कागद काढले तेव्हा कळलं की फौजेच्या नोंदीत तिचं माहेरचं नाव आहे, आधारवर सासरचं, आणि जन्मसाल दोन्हीकडे वेगळं. लग्न झालं तेव्हा आबांनी कळवलं ते नाव तसंच राहिलं होतं. ते जुळवून घेण्यात, प्रतिज्ञापत्रं करण्यात, खेटे घालण्यात म्हातारीचे कित्येक महिने पेन्शनीविना गेले. तुमच्याही घरात पेन्शनीतले वडील, चुलते, मामा असतील, तर ते धडधाकट आहेत तोवर त्यांचं डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश ट्रंकेतून बाहेर काढा आणि त्यांच्या बायकोचं नाव, जन्मतारीख एकदा आधारशी ताडून घ्या. चूक असेल तर दुरुस्तीचा अर्ज त्यांच्याच सहीने जाऊ द्या.