ऐकायचा नाच

रेडिओवर नाच लावावा की नाही, हा प्रश्न वरवर पाहता लेण्याद्रीच्या पायऱ्या सायकलवरून चढण्याइतकाच निरर्थक आहे. तीनशेच्या वर पायऱ्या! सायकल खांद्यावर मारून वर नेलीत, तरी चालवणार कुठे? तसंच रेडिओवर बाई नाचली, तरी दिसणार कुणाला? हा सवाल माझा नव्हे, आमच्या शेजारच्या निवृत्त हेडमास्तरांचा. हेडमास्तर निवृत्त होतात, त्यांची मतं होत नाहीत.

माझं म्हणणं साधं होतं. आकाशवाणीने आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, फडावरची लावणी लावावी. सिनेमातली नव्हे, ती काय, 'पिंजरा'च्या (1972) पुण्याईवर अजून कुठे ना कुठे वाजतेच. आणि लोकसंगीताच्या पंगतीत भारूड-गोंधळाच्या शेजारी कधीमधी एखादी वाटी, असंही नव्हे. लावणीला स्वतःचं पान हवं.

"अहो, लावणी ही बघायची गोष्ट," मास्तर म्हणाले. "रेडिओवर काय ऐकणार? घुंगरं?"

"हो. घुंगरंच."

कारण तंबूत घुंगरं ऐकतो कोण? तिथे शिट्ट्या ऐकू येतात. ढोलकीवाला बोटांची सालं काढत असतो आणि पुढच्या रांगेतलं लक्ष भलतीकडेच असतं. रेडिओची गंमत ही, की बघायचं सगळं तो काढून घेतो आणि ऐकायचं तेवढं शिल्लक ठेवतो. सुलोचना चव्हाण जन्मभर डोक्यावर पदर घेऊन लावणी गायल्या, नाचल्या नाहीत. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्याच वर्षी त्या गेल्या. लावणीचं काही कमी पडलं का?

मास्तरांनी मग संस्कृतीचा मुद्दा काढला. तो असतोच. बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, तेव्हाही तो निघाला होता. 1952 साली आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. श्रोते सुधारतील अशी अपेक्षा होती. श्रोते सिलोनला गेले! शेवटी 1957 साली विविध भारती काढून त्यांना परत आणावं लागलं.

आणि हा वाद आम्ही घालतो कुठे? जुन्नर तालुक्यात! इथून वीसेक किलोमीटरवर नारायणगाव, विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. पाडव्याच्या सुमारास तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन जत्रेच्या सुपाऱ्या देतात. आणि नारायणगावच्या शेजारी खोडदला रेडिओ दुर्बीण. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या, काही तिथे, काही आसपासच्या शिवारांत. 8.8 अब्ज प्रकाशवर्षं दूरच्या दीर्घिकेतल्या हायड्रोजनची कुजबुज या दुर्बिणीने टिपली, हे 2023 साली जाहीर झालं. आता बघा, आमच्या तालुक्यातल्या एका रेडिओला एवढ्या लांबचा हायड्रोजन ऐकू येतो, मग दुसऱ्याला नारायणगावची ढोलकी ऐकायला काय हरकत आहे? ढोलकीचा आवाज हायड्रोजनपेक्षा बरा मोठा असतो.

थट्टा बाजूला ठेवू. फडाचं पोट जत्रांवर. 2020 साली जत्रा बंद झाल्या, 2021 सालीही नीट झाल्या नाहीत, तेव्हा ढोलक्या खुंटीला लागल्या. अर्ध्या तासाच्या मानधनात फड चालणार नाही, हे मलाही कळतं. पण निवेदिका सांगेल, 'गायिका अमुक, ढोलकीची साथ तमुक.' ज्याला आयुष्यभर 'ए ढोलकी' एवढीच हाक मिळाली, त्याचं नाव आडनावासकट घराघरांत जाईल. हे मोल मानधनात मोजता यायचं नाही.

मास्तर उत्तर शोधत होते, तेवढ्यात आतून मास्तरीणबाईंचा आवाज आला. "पन्नास वर्षं या तालुक्यात काढली मी. तंबू लांबून पाहिला, ढोलकी लांबून ऐकली. आत बायकांनी जायचं नसतं म्हणे. रेडिओ घरात येतो, त्याला तरी येऊ द्या की!"

ओसरीवर शांतता पसरली. आमच्या भागात इतकी शांतता फक्त सात नंबरच्या लेण्यात, तीही चतुर्थी सोडून.

"ते ठीक आहे," मास्तर घसा खाकरून म्हणाले, "पण वेळ कोणती ठेवायची?"

"तुम्ही पूजेला बसता ती नको," बाई म्हणाल्या, "नाहीतर घंटा ढोलकीच्या ठेक्यावर वाजायची."