हातभर वायर

बाबांचे चार जुने स्पीकर मी माझ्या नव्या रिसीव्हरला जोडले. डाव्या टर्मिनलला दोन, उजव्याला दोन. वीस मिनिटं मस्त चाललं. भीमसेनांची तान वर चढली आणि खट्! सगळं बंद. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "तेही गेले का?" बाबांना जाऊन चारच महिने झाले होते. त्या 'तेही'नं पोटात गोळा आला.

रिसीव्हर आणि एक स्पीकर घेऊन लॅमिंग्टन रोड गाठला. दुकानातल्या काकांनी आधी रिसीव्हरची पाठ वाचायला लावली: 6 ते 16 ओहम. मग स्पीकरला मल्टिमीटर लावला. 3.3.

"म्हणजे चार ओहमचा. मीटर थोडं कमीच दाखवतो. तू दोन-दोन पॅरलल लावलेस ना? झाले दोन ओहम. व्होल्टेज तेवढंच, पण करंट दामदुप्पट मागतोय. रिसीव्हरनं जीव वाचवायला स्वतःच मान टाकली. थंड झाला की चालेल." चालला.

"सिरीजमध्ये लाव. चार नि चार आठ. एकाचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला. हातभर वायर पुरे."

हातभर वायर! बाबांच्या दोन्ही जोड्यांना मागून तेवढेच तुकडे होते. नीट सोललेले, पीळ दिलेले. जुना कचरा म्हणून मीच ते कापून फेकले होते.

वीस रुपयांची वायर घेऊन घरी आलो. सिरीजमध्ये आवाज जरा दबतो.

"वाढव थोडा," आई म्हणाली.